बहार धरण्याआधीच विकलेली बाग

जुलै 2015. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत पेरण्यांची लगबग सोडून तुम्ही कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत उतरता. इथे पावसाचा थेंब नाही. सॅक्रामेंटो किंग्ज या बास्केटबॉल संघाचा एक सौदा ठरतोय. मालक मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे, कारभारी व्लादे दिवाच.

अटी नीट ऐका. फिलाडेल्फियाच्या संघाला तीन खेळाडू जाणार. त्यांतला निक स्टॉस्कस वर्षभरापूर्वीच ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, आठव्या क्रमांकावर निवडलेला. पगाराच्या मर्यादेत जागा करायची, एवढाच हेतू. परतीत दोन युरोपीय खेळाडूंचे हक्क. ते दोघे एनबीएत, म्हणजे या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये, कधीच उतरणार नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. शेवटच्या अटीपाशी मात्र तुमच्या पोटात गोळा येतो: 2016 आणि 2017 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीचा क्रमांक किंग्जशी बदलून घेण्याचा हक्क फिलाडेल्फियाला, वर पुढची एक अख्खी निवड.

ड्राफ्टमध्ये दुबळ्या संघाला आधी निवडू देतात. किंग्जनी नुकत्याच संपलेल्या मोसमात 82 पैकी 29 सामने जिंकलेत. अशा संघाची निवड महागच असते. आर्वी-कारंज्याकडे संत्र्याची बाग फळ येण्याआधी व्यापाऱ्याला देणारा शेतकरीसुद्धा झाडं मोजतो, विहिरीचं पाणी बघतो, मगच भाव बोलतो. इथे तेवढंही झालं नाही, असं मला ठाम वाटतं. मोकळ्या झालेल्या जागेत आलेला राजॉन रोंडो वर्षभरात निघून गेला.

आता 17 मे 2017 ची सकाळ. बोरगावात ऊन चढायचंय, न्यूयॉर्कमध्ये आदली रात्र आहे आणि ड्राफ्टच्या क्रमांकांची सोडत. 14 चेंडूंतून चार निघतात, त्यावर क्रमांक ठरतात. पहिल्या तिनांत येण्याची किंग्जची शक्यता शंभरात दहा, आणि क्रमांक लागतो तिसरा! पण फिलाडेल्फियाचा आलाय पाचवा. हक्क त्यांचा, म्हणून तिसरा त्यांना, पाचवा किंग्जना.

फिलाडेल्फियाने तो तिसरा क्रमांक आणि आणखी एक निवड बोस्टनला देऊन पहिला क्रमांक मिळवला, मार्केल फुल्ट्झला घेतलं. खांद्याच्या दुखण्यामुळे तो पहिल्या मोसमात 14 सामनेच खेळला. बोस्टनने तिसऱ्यावर जेसन टेटम उचलला; 2024 चं विजेतेपद त्याच्या नावावर आहे. किंग्जच्या वाट्याला पाचव्यावर डिॲरन फॉक्स आला, आणि 2023 मध्ये त्याच्याच जोरावर त्यांचा 16 मोसमांचा प्लेऑफचा (बाद फेरीचा) दुष्काळ संपला.

म्हणजे सौदा फळला, असं कुणी सांगेल. मानू नका. फॉक्स हाती लागला हे नशीब. निवडीचा भाव ती देता त्या दिवशी करायचा असतो, आणि त्या दिवशी किंग्जनी ती कवडीमोलाने दिली. बोस्टनला गेलेली ती जादा निवडही मूळची सॅक्रामेंटोचीच. 2019 मध्ये ती चौदाव्या क्रमांकावर आली. त्या वर्षी पहिल्या फेरीत किंग्जकडे एकही निवड नव्हती.