प्रमाणपत्राची ओढ : बुलढाणा जिल्ह्यातील संगणकवर्ग आणि मुक्त सॉफ्टवेअर

संगणकाला कधी हात न लावलेल्या माणसाला वर्गापर्यंत आणण्याचा बुलढाणा जिल्ह्यातील इतिहास खरे तर टंकलेखन संस्थांपासून सुरू होतो. खामगाव, चिखली, मेहकर अशा तालुक्याच्या गावी चालणाऱ्या या संस्थांत दहावी-बारावी झालेली मुले रेमिंग्टन कळफलकावर तासन्‌तास बोटे आपटीत, कारण लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीत मिनिटाला ३० आणि इंग्रजीत ४० शब्दांच्या वेगाचे शासकीय प्रमाणपत्र लागत असे. मुख्यतः कोरडवाहू शेतीवर अवलंबून असलेल्या या जिल्ह्यात सरकारी नोकरीची अट हीच शिकण्याची सर्वांत मोठी प्रेरणा होती आणि पुढे आलेल्या संगणकवर्गांना ती आयतीच मिळाली.

२००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजेच एमकेसीएल, स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा प्राथमिक संगणक अभ्यासक्रम अधिकृत केंद्रांमार्फत राज्यभर पसरला. शासकीय कर्मचाऱ्यांना संगणक अर्हता सक्तीची झाली, मुदतीत ती न मिळवणाऱ्यांच्या वेतनवाढी रोखल्या जाऊ लागल्या, आणि निवृत्तीकडे झुकलेले कारकून व मास्तर नातवंडांच्या वयाच्या मुलांशेजारी बसून माउस धरायला शिकले. केंद्रचालकाला संगणकाचे गुणगान करण्याची गरजच उरली नाही. शिकवले जाई ते मात्र मुख्यतः विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस, त्यामुळे संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण नवशिक्याच्या मनात पहिल्याच धड्यात पक्के होई.

मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे जे कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता आणि दुसऱ्याला देता येते असे सॉफ्टवेअर, या काळात अस्तित्वात नव्हते असे नाही. याच जिल्ह्यातील शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली सुरू झाले, आणि त्याच वर्षी रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला. हा अर्थातच निव्वळ योगायोग. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया ही संस्थाही २००१ मध्येच तिरुवनंतपुरमला उभी राहिली. केरळने शालान्त परीक्षेतील माहिती तंत्रज्ञानाचा विषयच मुक्त सॉफ्टवेअरवर आणला, त्यामुळे तेथे कोणाचे मन वळवण्याचा प्रश्नच राहिला नाही. महाराष्ट्रात तशी सक्ती झाली नाही आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांच्या हाती फक्त समजावणे उरले.

समजावण्याचे सर्वांत कल्पक साधन मुंबईच्या आयआयटीने घडवले. तिच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, लिब्रेऑफिस इत्यादी मुक्त सॉफ्टवेअरवर साधारण दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रफिती असून त्यांतील अनेकींचे निवेदन मराठीतही उपलब्ध आहे. विद्यार्थी पडद्याच्या एका बाजूला चित्रफीत लावतो, निवेदकाने फाइल जतन करून दाखवली की ती थांबवतो, शेजारच्या खिडकीत तीच कृती स्वतः करतो आणि मग पुढे जातो. शिक्षक नसलेल्या गावातही चालावी अशी ही रचना आहे आणि तिला शुल्काचा अडसर नाही. तरीही शुल्क भरून एमएस-सीआयटी करणाऱ्याला त्यात मूर्खपणाचे काही वाटत नाही, आणि ते योग्यच आहे. त्याला नोकरीच्या अर्जासोबत जोडण्याचा कागद हवा असतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रचारकांनी स्वातंत्र्याची महती पुष्कळ सांगितली, पण या कागदाकडे पुरेसे लक्ष दिले नाही, हा त्यांचा मोठा दोष मानावा लागतो.

वास्तविक या कागदाचा अडथळाही आता पूर्वीइतका राहिलेला नाही. राज्यातील भरतीच्या जाहिरातींत संगणक अर्हतेच्या रकान्यात एमएस-सीआयटीच्या बरोबरीने ‘डोएक’चा सीसीसी अभ्यासक्रमही दिलेला असतो, ‘डोएक’ म्हणजे आजची केंद्र सरकारची नायलिट ही संस्था, आणि तिच्या सुधारित सीसीसी अभ्यासक्रमात आता लिब्रेऑफिस शिकवले जाते. मुक्त सॉफ्टवेअरचा वर्ग काढणाऱ्याने आपल्या फलकावर सर्वांत वर लिहावी अशी गोष्ट हीच आहे.