गाडीला हेडर बसवताना ऑक्सिजन सेन्सर नेमका कुठे लावायचा?

पालमहून गंगाखेडला किंवा लोह्याला जाताना एमएच-२२ पासिंगच्या जुन्या पेट्रोल गाड्या सर्रास दिसतात. त्यातल्या एखाद्या गाडीच्या मालकाला इन्स्टाग्रामवर चकचकीत स्टीलच्या नळ्यांचा 'हेडर' दिसतो आणि 'पिकअप वाढतो' हे वाक्य डोक्यात बसते. चार नळ्या काढायच्या आणि चार नव्या लावायच्या, इतके हे काम सोपे वाटते. पण बिघडते ते नळ्यांमुळे क्वचितच. जे बिघडते ते अंगठ्याएवढ्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागेमुळे.

हेडर म्हणजे काय?

इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळलेला वायू बाहेर पडतो. तो गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. कंपनीचा मॅनिफोल्ड बहुधा बिडाचा, आखूड आणि स्वस्तात बनणारा असतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला जवळपास सारख्या लांबीची वेगळी नळी असते. एका सिलिंडरचा वायू वेगाने पुढे गेला की त्याच्या मागे दाब कमी होतो आणि पुढच्या सिलिंडरचा वायू त्या ओढीने सहज बाहेर येतो. चारही नळ्या एकदम एकत्र आल्या तर तो ४-१ हेडर. आधी दोन-दोन जुळून मग एक झाल्या तर ४-२-१. पहिल्याचा फायदा जास्त आरपीएमला, दुसऱ्याचा मधल्या आरपीएमला मिळतो. गावच्या रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालणाऱ्या गाडीला ४-१ चा उपयोग फारसा होत नाही. शिवाय त्याचा जोड खाली लोंबकळत असेल तर गतिरोधकावर आणि शेतरस्त्यावर तो घासतो.

बाकी काही न बदलता नुसता हेडर लावला तर ताकदीतली वाढ किरकोळच असते. आवाज मात्र लगेच बदलतो, आणि बऱ्याच जणांना त्यालाच ताकद वाढल्यासारखे वाटते.

सेन्सर काय पाहतो?

बॉश कंपनीचा लॅम्डा सेन्सर १९७६ मध्ये पहिल्यांदा व्होल्वोच्या गाड्यांत आला. धुरात किती ऑक्सिजन उरला आहे, एवढेच तो पाहतो. साध्या सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाची टोपी असते. ती ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली की बाहेरची हवा आणि धूर यांतल्या ऑक्सिजनच्या फरकावर वीज तयार करते. पेट्रोल जास्त झाले तर सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली तर ०.१ व्होल्ट. हे पाहून ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो. साध्या पेट्रोलच्या १ किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला त्याहून कमी, साधारण १३.५ किलो लागते. हा फरकही ईसीयूला सेन्सरवरूनच कळतो. त्यामुळे सेन्सर चुकला की सगळा हिशोब चुकतो.

जागा कशी ठरवायची?

पुढचा सेन्सर चारही सिलिंडरचा धूर एकत्र आल्यानंतर, जोडाच्या लगेच पुढे आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी हवा. एकाच नळीवर लावला तर ईसीयू एका सिलिंडरकडे पाहून चौघांचे पेट्रोल ठरवतो. इंजिनच्या अगदी तोंडाशी लावला तर सेन्सर जास्त तापून लवकर मरतो. फार मागे नेला तर थंड राहतो आणि गाडी सुरू केल्यावर बराच वेळ अंदाजानेच चालते.

कोनही महत्त्वाचा. नळीचा छेद घड्याळाची तबकडी समजला तर सेन्सर १० ते २ च्या दरम्यान असावा, म्हणजे आडव्या रेषेपेक्षा निदान ३० अंश वर. सकाळी थंड सायलेन्सरमध्ये पाणी साचते. सेन्सर खालून लावलेला असेल तर ते पाणी तापलेल्या टोकावर पडते आणि सिरॅमिक तडकते.

त्याच्या आट्या बहुधा १८ मिमीच्या असतात आणि २२ चा पाना लागतो. आवळताना ४० ते ५० न्यूटन-मीटर पुरे. आट्यांना अँटिसीझ लावावे, पण टोकाला त्याचा कण लागू देऊ नये. गॅस्केटजवळ साधा सिलिकॉन सीलंट वापरला तर त्याच्या वाफेने सेन्सर निकामी होतो. वायर पुरली नाही तर कापून झाळू नये. अनेक सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या आतूनच मिळते आणि झाळल्याने ती वाट बंद होते. त्यापेक्षा कनेक्टरवाली वाढीव वायर घ्यावी.

सगळ्यात जास्त फसवणारी चूक गळतीची. सेन्सरच्या आधी गॅस्केट किंवा वेल्डिंग गळत असेल तर धूर बाहेर येतोच, पण दोन धक्क्यांच्या मधल्या ओढीने बाहेरची हवा आतही शिरते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयूला पेट्रोल कमी पडल्याचे वाटते आणि तो आणखी पेट्रोल ओततो. मायलेज घसरते, प्लग काळे पडतात. मग दोष पंपावरच्या पेट्रोलला दिला जातो! थंड इंजिन सुरू करून जोडांवर साबणाचे पाणी टाकले की फुगे गळती दाखवतात. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम शून्याच्या आसपास हवा. तो कायम अधिक १० च्या वर राहिला तर सेन्सर बदलण्याआधी गळती शोधावी.

कॅट काढला तर?

खरी अडचण इथे आहे. भारतात नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट बसवणे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत सुरू झाले. आजच्या बऱ्याच गाड्यांत तो मॅनिफोल्डलाच चिकटलेला असतो, म्हणजे मॅनिफोल्ड काढला की कॅटही जातो. काही इंजिनांत, उदाहरणार्थ फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआयमध्ये, मॅनिफोल्ड सिलिंडर हेडच्या आतच ओतलेला आहे. तिथे हेडरचा प्रश्नच येत नाही.

मागचा सेन्सर कॅट नीट काम करतो की नाही, हे पाहतो. कॅट नसेल तर पी ०४२० कोड येऊन इंजिनचा दिवा लागतो. तो विझवायला सेन्सर नळीपासून लांब धरणारा स्पेसर विकला जातो. त्याने दिवा विझतो, धूर तसाच राहतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. प्रदूषण आणि आवाजासाठी कलम १९०(२) वेगळे आहे. त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र होण्याची तरतूद आहे. फिटरने 'पीयूसी निघते' असे सांगितले म्हणून हे कलम टळत नाही.

ज्यांना ट्रॅकवरच्या गाडीसाठी हेडर लावायचा आहे, त्यांनी उष्णतारोधक पत्रा परत बसवावा. उघड्या नळ्यांशेजारच्या वायरी आणि रबरी पाइप वितळतात. आणि अशी गाडी सोयाबीनच्या वाळल्या भुसाजवळ किंवा कडब्याच्या गंजीलगत उभी करू नये.