पान्हा आणि पिल्लाचा मेंदू

साताऱ्या-सांगलीकडे म्हैस पान्हवायला आधी रेडकू सोडतात. त्याने दोन ढुसण्या दिल्या की दूध उतरतं. ही किमया ऑक्सिटोसिनची. १९०६ साली लंडनमध्ये हेन्री डेलने पिट्युटरीचा अर्क गाभण मांजरीला दिला, तिचं गर्भाशय आकुंचन पावलं. तिथून हे हार्मोन शास्त्रज्ञांच्या नजरेत आलं. १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत बनलं, १९५५ ला द्यु विन्योला नोबेल वगैरे.

पण मला भारी वाटलं ते २००६ चं संशोधन. फ्रान्समधल्या गटाला उंदरांत दिसलं, की प्रसूतीच्या वेळी आईचं ऑक्सिटोसिन पिल्लाच्या मेंदूतल्या पेशी तात्पुरत्या शांत करतं. तो परिणाम औषधाने अडवला, तर ऑक्सिजन तुटल्यावर मेंदू कमी तग धरतो. म्हणजे पान्ह्याआधीच आई पिल्लाच्या डोक्यात पोचलेली असते! आणि आपल्याकडे काही लोक हेच हार्मोन म्हशीला टोचून रेडकाशिवाय दूध काढतात...