खेळाडू पास, शिक्षण नापास : अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा एक धडा

१० मार्च १९९९ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहरात 'पायोनियर प्रेस' या वर्तमानपत्राने एक बातमी छापली. मिनेसोटा विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची ती बातमी होती. खेळाडूंच्या अभ्यासाकडे लक्ष देणाऱ्या विभागाच्या कार्यालयात काम केलेल्या जॅन गँगेलहॉफ या बाईंनी पत्रकार जॉर्ज डोरमन यांना सांगितले होते की, १९९३ ते १९९८ या काळात त्यांनी सुमारे २० खेळाडूंसाठी ४०० च्या वर निबंध, गृहपाठ आणि घरी सोडवायच्या परीक्षा लिहून दिल्या. दुसऱ्याच दिवशी या संघाचा राष्ट्रीय स्पर्धेतला पहिला सामना होता. विद्यापीठाने चार खेळाडूंना बाहेर बसवले आणि संघ गोंझागा विद्यापीठाकडून हरला.

आपल्याला वाटेल, लोक विद्यापीठावर संतापले असतील. पण अनेक जण संतापले ते वर्तमानपत्रावर. सामन्याच्या आदल्या दिवशीच बातमी का छापली, हा त्यांचा सवाल होता. राज्याचे गव्हर्नर जेसी व्हेंचुरा यांनीही वर्तमानपत्रावरच टीका केली. पुढे चौकशी झाली आणि बातमी खरी ठरली. प्रशिक्षक क्लेम हॅस्किन्स यांना पद सोडावे लागले. १९९७ मध्ये या संघाने देशातल्या शेवटच्या चार संघांत स्थान मिळवले होते, ते यश नोंदींतून पुसले गेले. डोरमन यांना २००० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. ही हकीकत वाचताना माझे लक्ष ४०० या आकड्यावर अडकले. मुलाचा निबंध मुलाने लिहिला आहे की मोठ्या बहिणीने, हे शिक्षकाला पहिल्या तीन ओळींत कळते. वर्गात ज्याला एक वाक्य धड लिहिता येत नाही, त्याच्या वहीत एकदम अलंकारिक भाषा उतरली की लपत नाही. मग हे ४०० कागद ज्या प्राध्यापकांच्या हातून गेले, त्यांना काहीच कळले नसेल? की कळूनही त्यांनी पान उलटले? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी अमेरिकेतील कॉलेज खेळांची रचना समजून घ्यावी लागते.

तिथे कॉलेजचा बास्केटबॉल हा आपल्याकडच्या आंतर-महाविद्यालयीन स्पर्धेसारखा छोटा मामला नाही. मोठ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक देशभरच्या हायस्कुलांत फिरतात, पंधरा-सोळा वर्षांची उंच, चपळ मुले हेरतात आणि त्यांना शिष्यवृत्ती देऊन आणतात. या मुलांत गरीब वस्त्यांतील कृष्णवर्णीय मुलांची संख्या मोठी असते. त्या काळी खेळाडूला पगार घेण्याची परवानगी नव्हती. खेळाच्या बदल्यात त्याला शिक्षण मिळेल, असा सौदा होता. कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था 'एनसीएए' १९०६ पासून काम करते. मिनेसोटाची बातमी ज्या वर्षी आली, त्याच १९९९ च्या अखेरीस सीबीएस या वाहिनीने राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी एनसीएएशी ११ वर्षांचा ६ अब्ज डॉलरचा करार केला. म्हणजे या सौद्यात विद्यापीठांच्या पदरात काय पडत होते, ते मोजता येत होते. मुलाच्या पदरात शिक्षण पडले की नाही, हे मात्र कोणी मोजत नव्हते.

खेळ आणि अभ्यास यांचे मुळात वैर आहे, असे कोणी समजू नये. करीम अब्दुल-जब्बार हे नाव आपल्या वाचकांना परिचित आहे. ते १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात म्हणजे यूसीएलएमध्ये आले, सलग तीन वर्षे संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले आणि १९६९ मध्ये इतिहासाची पदवी घेऊन बाहेर पडले. पुढे त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासावर पुस्तकेही लिहिली. त्यांचे प्रशिक्षक जॉन वुडन हे आधी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत असत. शिकवायचे ठरवले तर शिकवता येते, एवढे या एका उदाहरणावरून दिसते.

न शिकवण्याचे सर्वांत बोलके उदाहरण केविन रॉस यांचे आहे. कॅन्सस राज्यातील हा कृष्णवर्णीय तरुण १९७८ मध्ये नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरातील क्रायटन विद्यापीठात बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर दाखल झाला. प्रवेश परीक्षेत त्याचे गुण ३६ पैकी ९ होते. त्याच्या न्यायालयीन दाव्यात पुढे नमूद झाले की, त्याला 'नेमबाजी' आणि 'बास्केटबॉलचे सिद्धांत' यांसारखे विषय घ्यायला लावले आणि त्याचे लेखी काम तयार करायला एक सेक्रेटरी नेमली. चार वर्षे तो खेळला. १९८२ मध्ये बाहेर पडला तेव्हा पदवीला लागणाऱ्या १२८ पैकी ९६ श्रेयांक त्याच्या नावावर होते. त्याची भाषेची पातळी चौथीच्या मुलाची आणि वाचनाची सातवीच्या मुलाची होती.

तोच तरुण पुढे शिकागोच्या वेस्टसाइड प्रिपरेटरी शाळेत गेला. मार्वा कॉलिन्स या कृष्णवर्णीय शिक्षिकेने १९७५ मध्ये सुरू केलेली ही शाळा गरीब वस्तीतील मुलांना कसून शिकवण्यासाठी नावाजलेली होती. तिथे लहान मुलांबरोबर बसून हा विशीतला गडी वाचायला शिकला. वर्तमानपत्रांनी त्याची कहाणी देशभर पोहोचवली.

पुढे रॉसने विद्यापीठावर दावा लावला. १९९२ मध्ये अपिलात न्यायालयाने सांगितले की, शिक्षण निकृष्ट दिले म्हणून नुकसानभरपाई मागता येणार नाही, कारण शिकवण्याचा दर्जा मोजणे हे न्यायालयाचे काम नव्हे. मात्र विद्यापीठाने शिकवणीचे ठोस वचन दिले असेल आणि ते मुळीच पाळले नसेल, तर करारभंगाचा दावा चालू शकतो. नंतर दोन्ही बाजूंत तडजोड झाली. न्यायालयाचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने समजण्यासारखे असेलही. पण त्याचा अर्थ असा की, वाईट शिकवणाऱ्याला जाब विचारायला कोणतेही दार उरले नाही.

आता नियमांकडे येऊ. १९७३ मध्ये एनसीएएने प्रवेशाची जुनी अट काढून हायस्कूलमधल्या 'सी' दर्जाच्या सरासरीवर भागवले. ते गुण कोणत्या विषयांतले, हे पाहिले जात नव्हते. त्यातून रॉससारखी प्रकरणे झाली, आरडाओरड झाली, आणि जानेवारी १९८३ मध्ये 'प्रपोझिशन ४८' हा नियम मंजूर झाला. १९८६ पासून तो लागू झाला. ११ मूलभूत विषयांत 'सी' दर्जाची सरासरी आणि एसएटी परीक्षेत १६०० पैकी किमान ७०० गुण असल्याशिवाय पहिल्या वर्षी खेळता येणार नाही, असे ठरले.

कृष्णवर्णीयांच्या जुन्या कॉलेजांच्या अध्यक्षांनी याला कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे होते की, एसएटीची भाषा आणि तिचे संदर्भ गोऱ्या मध्यमवर्गीय घरांतले आहेत. मला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. घरी उर्दू बोलणारे मूल गणितात अडत नाही, गणिताच्या प्रश्नातल्या मराठी वाक्यात अडते. ते शून्य गुण घेऊन येते तेव्हा त्या शून्याचा अर्थ काय लावायचा, हे शिक्षकाला ठरवावे लागते.

पण कृष्णवर्णीय समाजाचा आवाज एकच नव्हता. १९६८ च्या ऑलिम्पिकवेळी कृष्णवर्णीय खेळाडूंची चळवळ उभी करणारे समाजशास्त्रज्ञ हॅरी एडवर्ड्स यांनी नियमाला पाठिंबा दिला. ७०० ही अट उलट फार सौम्य आहे, असे त्यांचे मत होते. टेनिसपटू आर्थर अ‍ॅश हेही कडक अटींच्या बाजूचे होते. आपल्या मुलांकडून कमी अपेक्षा ठेवणे हाच त्यांचा अपमान आहे, असा या बाजूचा विचार होता.

जानेवारी १९८९ मध्ये 'प्रपोझिशन ४२' आले. अट पूर्ण न करणाऱ्या मुलाला आता पहिल्या वर्षी खेळाची शिष्यवृत्तीही मिळणार नव्हती. १४ जानेवारीला जॉर्जटाउन विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन थॉम्प्सन बोस्टन कॉलेजविरुद्धचा सामना सुरू होण्याआधी मैदान सोडून निघून गेले. एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक होते. गरीब मुलाला कॉलेजचा दरवाजाच बंद करू नका, हे त्यांचे सांगणे होते. कॅमेरे त्यांच्या मागे धावले आणि वर्षभरात एनसीएएला नियम सौम्य करावा लागला.

पुढे १९९६ मध्ये नवे नियम आले. त्यांविरुद्ध फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी दावा लावला. दावा करणारे धावपटू होते आणि आपल्या हायस्कूलमध्ये अभ्यासात वरच्या क्रमांकावर होते, तरी परीक्षेच्या गुणांमुळे अडकले होते. ८ मार्च १९९९ रोजी, म्हणजे मिनेसोटाच्या बातमीच्या दोनच दिवस आधी, न्यायाधीशांनी हा नियम कृष्णवर्णीयांवर अन्याय करतो, असा निकाल दिला. डिसेंबरमध्ये अपिलात तो फिरला. हे दोन दिवस शेजारी ठेवून पाहा. एकीकडे प्रामाणिक, अभ्यासू मूल दाराबाहेर. दुसरीकडे आत घेतलेल्या मुलाचे निबंध कार्यालयातली बाई लिहिते आहे. एकच व्यवस्था दोन्ही करत होती.

२००३ मध्ये एनसीएएने किमान परीक्षा-गुणांची अट व्यवहारात काढून टाकली. हायस्कूलचे गुण चांगले असतील तर परीक्षेतले कमी गुण चालू लागले. हेतू चांगला होता. पण आता सगळा भार शाळेच्या गुणपत्रकावर आला आणि गुणपत्रकांचा बाजार भरला. नोव्हेंबर २००५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मायामीतील एका पत्रव्यवहार-शाळेचे बिंग फोडले. तिथे वर्ग भरत नव्हते, आणि ३९९ डॉलर भरून प्रमाणपत्र मिळत होते. तिचे गिऱ्हाईक मुख्यतः फुटबॉल खेळाडू होते. काही महिन्यांत त्याच वर्तमानपत्राने आणि 'वॉशिंग्टन पोस्ट'ने बास्केटबॉलसाठीच चाललेल्या शाळा शोधल्या. फिलाडेल्फियातील अशाच एका शाळेत सामूहिक सभागृहात काम चाले आणि पूर्ण वेळ नोकरीवर होता तो बास्केटबॉलचा प्रशिक्षक. २००६ मध्ये एनसीएएने अशा शाळांची यादी काढली, ज्यांची प्रमाणपत्रे यापुढे चालणार नव्हती. मोठमोठ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक या शाळांतून मुले नेत होते. त्यांना जे दिसले नाही, ते पत्रकारांना दिसले.

शेवटचे उदाहरण नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे. बास्केटबॉलमधले हे जगप्रसिद्ध नाव. 'न्यूज अँड ऑब्झर्व्हर'चे पत्रकार डॅन केन यांनी २०११ पासून बातम्या लावून धरल्या. २०१४ च्या चौकशी अहवालात आढळले की, १८ वर्षे असे अभ्यासक्रम चालले होते ज्यांत तासच होत नसत. एक निबंध द्यायचा आणि कार्यालयातून चांगला दर्जा घ्यायचा. ३,१०० विद्यार्थ्यांनी हे अभ्यासक्रम घेतले आणि त्यांत जवळपास निम्मे खेळाडू होते. विभाग कोणता, तर आफ्रिकन आणि आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा! ज्या विषयातून कृष्णवर्णीय मुलाला स्वतःचा इतिहास कळायचा, तोच पोकळ करून त्याच्या हाती दिला. ऑक्टोबर २०१७ मध्ये एनसीएएने सांगितले की, हे अभ्यासक्रम सर्वच विद्यार्थ्यांना खुले होते, म्हणून खेळाडूंसाठीच्या नियमांचा भंग सिद्ध होत नाही. म्हणजे फसवणूक सगळ्यांचीच झाली, म्हणून विद्यापीठाला त्याबद्दल एनसीएएची शिक्षा नाही.

या अर्धशतकाच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पत्रकार संस्थेचा गुन्हा उघड करतात आणि संस्था उत्तरादाखल मुलासाठी नवी अट लिहिते. गुण वाढवा, गुण कमी करा, विषय वाढवा. १७ वर्षांच्या मुलाने दारात काय दाखवायचे, यावर इतकी भांडणे झाली. दारातून आत गेल्यावर त्याला काय मिळाले, हा प्रश्न बहुतेक वेळा वर्तमानपत्रांनी, एखाद्या अस्वस्थ कर्मचाऱ्याने किंवा शिकून न शिकलेल्या खेळाडूनेच विचारला.

आपल्या समाजातही सवलत की गुणवत्ता, हा वाद नेहमी रंगतो. वादाच्या दोन्ही बाजूंना थोडेबहुत सत्य आहे, हे एडवर्ड्स आणि थॉम्प्सन यांच्या मतभेदातून दिसतेच. पण दोन्ही बाजू मुलाबद्दल बोलतात, शिकवणाऱ्याबद्दल नाही. सनद आणि तालीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सनद दया म्हणून देता येते, विकता येते, दुसऱ्याकडून लिहूनही घेता येते. तालीम मात्र कुणीतरी समोर बसून द्यावीच लागते. ज्या मुलाला न शिकवता आपण पुढच्या वर्गात ढकलतो, त्याच्यावर आपण मेहरबानी करत नसतो. आपले काम न केल्याचा पुरावा आपण त्याच्या हाती देत असतो, आणि तो वाचायलाही त्याला शिकवलेले नसते.