चुकलेल्या नेमाची चौकशी

गोळी नेमावर लागली नाही म्हणजे दोष माणसाच्या डोळ्यास आणि हातास देण्याची रीत बंदुकीइतकीच जुनी असावी. परंतु पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतील डोंगरी किल्ले, तेथील पर्जन्य आणि तेथे नांदलेल्या तोफा-बंदुका यांचा विचार जो सावकाशीने करील, त्यास असे दिसून येईल की या मुलखात नेम बिघडविणारे खरे अपराधी बहुधा बंदूक धरणाऱ्याच्या बाहेरच, म्हणजे दारूत, नळीत, गोळीत आणि खुद्द हवेत दडून बसलेले असत.

हा मुलूख आग्नेयास्त्रांस लवकर परिचित झाला यात नवल नाही. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जेथे समुद्रास मिळते, तेथे रेवदंड्यास सोळाव्या शतकाच्या पहिल्या चरणातच पोर्तुगीजांनी आपले ठाणे घातले; आणि पेणजवळच्या सांकशीच्या किल्ल्यासाठी 1540 साली गुजरातचे सरदार, अहमदनगरचा निजामशहा आणि वसईहून आलेले पोर्तुगीज बंदूकवाले यांच्यात झटापटी होऊन शेवटी तो किल्ला व कर्नाळा सालिना खंडणीच्या कराराने निजामशहाकडे गेला. पुढे शिवकालात आणि आंग्रे-सिद्दी यांच्या दीर्घ वैरात अवचितगड, सुरगड, घोसाळगड हे रोह्याभोवतीचे गड हातोहात फिरले. अवचितगडावर शके 1718 चा, म्हणजे इ. स. 1796 चा शिलालेख आहे. त्यावरून पेशवाई मावळतीकडे झुकलेली असतानाही त्या तटाची निगा कोणीतरी राखीत होते असे म्हणता येते.

त्या काळची तोड्याची बंदूक म्हणजे बोलूनचालून सावकाशीचे हत्यार. नळीत दारू घालावयाची, तीवर गोळी ठेवून गजाने ठासावयाची, नळीच्या बुडाशी असलेल्या छिद्राजवळच्या, म्हणजे कानाजवळच्या, पेल्यात रंजक भरावयाची, जळता तोडा तीवर टेकवावयाचा. रंजक भडकून तिची ज्वाला कानावाटे आत शिरली म्हणजे मग बार. चाप ओढणे आणि गोळी सुटणे यांत जो क्षण जाई, त्या क्षणात सावज हललेले असे, आणि तोंडासमोर उसळलेल्या भडक्याने माणूसही दचकलेला असे. त्यातच वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास कोसळणारा कोकणचा पाऊस! शुद्ध सोरा सहसा ओल धरीत नाही. परंतु बाजारी सोऱ्यात मीठ आणि चुन्याचे क्षार मिसळलेले असत, ते हवेतील ओलावा ओढून घेत, आणि मग एकाच खलित्यातील दारू एका बारास जोराने उडे तर दुसऱ्या बारास नुसती फुसफुसे. एक गोळी लक्ष्यावरून गेली आणि दुसरी पायथ्याशी पडली, तर बरकंदाजाने नळीवरची नेमाची माशी कितीही काटेकोर जुळविली असली तरी तिचा उपयोग तो काय?

या व्याधीचे निदान मराठी राज्यकर्त्यांनी अचूक केले होते, असे माझे मत आहे. 1715-16 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे सिद्ध झालेल्या आज्ञापत्रात दुर्गांचे जे प्रकरण आहे, त्यात दारूखाना वस्तीपासून दूर असावा, हवालदाराने आठा-पंधरा दिवसांनी दारू व बाण बाहेर काढून त्यांस ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे, पावसाळ्यात तोफांस तेल-मेण द्यावे आणि त्यांचे काने मेणाने बुजवावेत, असा बंदोबस्त सांगितला आहे. वाचणारास हे कारकुनी तपशील कंटाळवाणे वाटतील. पण नेमाची अर्धी विद्या या कारकुनीत आहे. कान एकदा गंजून रुंदावला की स्फोटाचा जोर तेवढ्या वाटेने निसटतो, आणि तो किती निसटेल याचा अदमास कोणासच राहत नाही. नळीत साचणाऱ्या काजळीचीही हीच गोष्ट: काही बार झाले की नळी आकसते, गोळी अडखळत उतरते, आणि म्हणूनच गोळी नळीहून थोडी लहान ओतण्याची प्रथा सर्वत्र पडली.

आणि येथेच दुसरा, अधिक गूढ असा दोष जन्मास आला. नळीहून लहान असलेली गोळी सुटताना नळीच्या भिंतींवर आपटत जाते, आणि ज्या भिंतीस ती अखेरीस घासते त्या बाजूची गती मंदावून ती स्वतःभोवती फिरू लागते. हे फिरणे प्रत्येक बारास निराळे. बेंजामिन रॉबिन्स नामक इंग्रज गणितज्ञाने 1742 साली तोफविद्येवर ग्रंथ लिहिला आणि पुढे काही वर्षांतच एक मोठा मौजेचा प्रयोग करून दाखविला: बंदुकीच्या नळीचे तोंड त्याने डावीकडे किंचित वाकविले, तर गोळी प्रथम डावीकडे निघाली खरी, पण पुढे वळून उजवीकडे गेली, कारण वाकलेल्या नळीच्या उजव्या भिंतीवर लोळत आल्याने तिला तशी फिरकी मिळाली होती. हाच गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य स्थापत्यविशारद म्हणून हिंदुस्थानात आला आणि 1751 साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. आज या तत्त्वास माग्नुस नामक जर्मन पदार्थवैज्ञानिकाचे नाव आहे, आणि तो तर रॉबिन्सनंतर शंभर वर्षांनी झाला. कीर्तीचा नेमही असा चुकतो.

जपानात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेली एअरसॉफ्टची खेळातली बंदूक याच फिरकीवर चालते. तिची गोळी प्लॅस्टिकची, सुमारे 6 मिलिमीटर व्यासाची आणि 0.20 ते 0.30 ग्रॅम वजनाची. नळीच्या आरंभी वरच्या अंगास हॉप-अप नावाचा रबराचा उंचवटा असतो, तो गोळीची वरची बाजू अडवून तिला उलटी फिरकी देतो आणि त्या बळावर ती हवेत तरंगत दूर जाते. रॉबिन्सने जो दोष शोधला तोच येथे गुण म्हणून कामास लावला आहे. रबर एका अंगास कलले की गोळी त्याच अंगास वळते. दाब अधिक झाला की ती आकाशाकडे चढते. रबरास तेल लागले की पकड सुटून एकही गोळी दुसरीसारखी जात नाही. पूर्वी काजळीने जे केले, ते आता तेल करते!

पुन्हा आपल्या मुलखाकडे वळावयाचे तर, इंग्रजी अमदानीत, 1878 च्या हत्यारांच्या कायद्यानंतर, बंदूक ही परवान्याची वस्तू झाली आणि कोकणातल्या कित्येक गावांत ठासणीची बंदूक शेतात शिरणाऱ्या रानडुकरांपुरती उरली. रोह्यास ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीस सशस्त्र पोलिसांची मानवंदना अजून मिळते. परंतु तेथे बंदूक मानाची, नेमाची नव्हे.

ज्यास आपल्या बंदुकीचा नेम सुधारावयाचा आहे, मग ती खेळातली का असेना, त्याने जुन्या हवालदाराचा क्रम धरावा: आधी नळी साफ व कोरडी करावी, मग एकाच वजनाच्या सुबक गोळ्या निवडाव्यात, मग फिरकीचा दाब तपासावा, आणि माशीस हात सर्वांत शेवटी लावावा. बहुतेक लोक नेमके उलट करतात आणि हैराण होतात. आणि अवचितगड, सुरगड, घोसाळगड येथे ज्या जुन्या तोफा अजून उघड्यावर पडून आहेत, त्यांच्याकडे जाणाऱ्या दुर्गप्रेमी मंडळींस व पुरातत्त्व खात्यास एवढीच विनंती की आज्ञापत्रातले ते तेल आणि कानातले ते मेण येत्या मृगापूर्वी त्यांच्या वाट्यास यावे.