पायांतील बळ अचानक ओसरते तेव्हा

जिना चढवत नाही, चालताना चप्पल पायातून निसटते. आणि रुग्ण तो थकवा समजून दोन दिवस घालवतो. तेच दिवस मोलाचे असतात. दोन्ही पायांत मुंग्या येऊन अशक्तपणा वर सरकू लागला, तर 'गीयाँ-बारे सिंड्रोम' अर्थात जीबीएसची शंका घ्यावी. १९१६ मध्ये गीयाँ, बारे व स्ट्रोल यांनी फ्रेंच सैन्यातील दोन सैनिकांवरून या विकाराचे वर्णन केले. जुलाब वा श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर काही दिवसांनी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात असे अनेक रुग्ण आढळले. काहींच्या शौच-नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला आणि संशय पिण्याच्या पाण्याकडे वळला.

गुडघ्यावर हातोडी मारूनही पाय उडत नाही, ही डॉक्टरांच्या दृष्टीने महत्त्वाची खूण. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणे हे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत अधिक गुणकारी ठरतात. खरा धोका श्वसनाच्या स्नायूंना असतो. बोलताना धाप वा गिळताना ठसका लागल्यास अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालयच गाठावे; मालिश, शेक यांत वेळ दवडू नये. बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात, मात्र त्यास कित्येकदा महिने लागतात.