दिनविशेष : २९ जुलै
उदयन माने ऑलिंपिकच्या मैदानात

२०२१ : टोकियोजवळच्या कासुमिगासेकी कंट्री क्लबवर ऑलिंपिकमधील पुरुष गोल्फ स्पर्धा या दिवशी सुरू झाली. अनिर्बन लाहिरीच्या जोडीला भारताकडून उतरला होता पुण्याचा व्यावसायिक गोल्फर उदयन माने. देशातला व्यावसायिक गोल्फचा पीजीटीआय दौरा गाजवलेल्या उदयनचे नाव राखीव यादीत होते. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने जुलैच्या सुरुवातीला माघार घेतली आणि उदयनला बोलावणे आले. तयारीला जेमतेम तीन आठवडे! ६० जणांत तो ५६वा आला, लाहिरी ४२वा. सुवर्ण अमेरिकेच्या झँडर शॉफलेने नेले. आकडा थोर नाही, पण त्या ६० जणांत असणे हीच मोठी गोष्ट. एका देशाचे सहसा दोनच खेळाडू घेतात.

आपल्याकडे या खेळाला क्लबांच्या कुंपणाआडचा मानतात, आणि ते फारसे चूक नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र तो समुद्रकाठच्या वाळूच्या टेकाडांवर, मोकळ्या गायरानात वाढला. मैदानातले वाळूचे खड्डे तिथूनच आले. टोकियोतली पुरुषांची स्पर्धा संपल्यावर आठवडाभरातच, ७ ऑगस्टला, कासुमिगासेकीच्या त्याच मैदानावर महिलांच्या स्पर्धेत भारताच्या अदिती अशोकचे पदक थोडक्यात हुकले. ती चौथी आली.